देवाला बूथ एजंट करू नका

२०२४ च्या विधानसभेच्या वेळची गोष्ट आहे. १८ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी प्रचाराचे भोंगे बंद झाले आणि गाव एकदम रिकामं वाटायला लागलं, कारण पंधरा दिवस कानावर नुसती गाणी आणि घोषणाच चालू होत्या. माझी माय नुकतीच कार्तिकीहून आली होती, एकादशी १२ तारखेला झाली, घरात अजून पंढरपूरचा बुक्का आणि चुरमुरे होते. सोमवारचा उपास सोडून ती ओसरीवर बसली होती. मी शेतात होतो, लाईट रात्रीची होती आणि हळदीला पाणी द्यायचं होतं. हिंगोली जिल्ह्यात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं सोयाबीन आणि हळद ह्या दोन गोष्टींवर घर चालतं आणि दोन्हीला पाणी, भाव आणि लाईट ह्या तीन गोष्टी एका वेळी कधीच मिळत नाहीत.

बारा वाजता घरी आलो तर माय जागीच.

म्हणलं, झोपली नाहीस का अजून?

तर म्हणली, "झोप येईना बाबू. मी हात लावला."

कशाला हात लावला ते मला लगेच कळलं. तुम्ही मराठवाड्यातल्या खेड्यात राहत असाल तर तुम्हाला पण कळलं असेल.

चार जण आले होते. एकाच्या हातात मतदार यादी, पेन्सिलीनं टिका केलेली, आमच्या घरापुढं चार मतं लिहिलेली. एकाकडं पाकिटं. एक जण गावातला नव्हताच. आणि माझ्या चुलत्याचा पोरगा, माझा चुलतभाऊ, त्याच्या हातात स्टीलचं ताट, वरून टॉवेल झाकलेला. टॉवेल काढला तर आत भंडारा, बेलाची पानं आणि नारळ. माय म्हणली पैसे नको रे बाबांनो. तर म्हणले, "पैसे ठेवा नाहीतर नका ठेवू मोठीमाय, हात तेवढा लावा, नागनाथाचा बेल हाये." आता ताट धरणारा घरचा, अंगाखांद्यावर खेळवलेला, बेल औंढ्याच्या नागनाथाचा, म्हणजे महादेवाचा, वार सोमवार, आणि ती गळ्यात माळ घातलेली बाई. ती काय करणार. हात लावला. हात लावला म्हणजे ते सांगतील त्यालाच मत देईन अशी देवाची शपथ झाली. पाकीट ते खिडकीत ठेवून गेले.

मला त्या रात्री इतका राग आला होता की मी तसाच चुलत्याच्या घरी जायला निघालो होतो, पण मायनंच अडवलं. ती रागावलेली नव्हतीच, ती घाबरलेली होती. तिला मत वेगळ्याला द्यायचं होतं. कुणाला ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही आणि विचारणार पण नाही, पण वेगळ्याला द्यायचं होतं एवढं दिसत होतं. आणि आता तिच्या मनात एकच, शब्द मोडला तर लेकराबाळांवर येईल. तिचं लेकरूबाळ म्हणजे मी आणि माझी दोन पोरं.

हा लेख मी त्या एका रात्रीसाठी लिहितोय असं समजा. आता पुन्हा निवडणुकीचं वारं आहे, कुठं जिल्हा परिषद, कुठं ग्रामपंचायत, हे आपल्याकडं कधी थांबतच नाही, आणि ताटं पुन्हा निघणार. मला एवढंच म्हणायचंय की मतासाठी बेलभंडार उचलायला, म्हणजे अशी शपथ घ्यायला लावणं हे पैसे वाटण्यापेक्षा मोठं पाप आहे, आणि असा उचललेला बेलभंडार कुणावरही बंधनकारक नाही, कायद्यानं पण नाही आणि देवाच्या दारात पण नाही. आणि हे सांगायची जबाबदारी निवडणूक आयोगाच्या आधी आपली आहे, म्हणजे सप्ताह कमिटीवाल्यांची, कीर्तनकारांची, माळकऱ्यांची, देवाला मानणाऱ्यांची.

आधी हे बघा की शपथ लागते कशाला. पैसे वाटले की काम संपायला पाहिजे ना? नाही संपत, कारण मत गुप्त आहे. मशीनपुढं पुठ्ठ्याचा आडोसा असतो, आत एकच माणूस, मोबाईल न्यायचा नाही, विधानसभा-लोकसभेला बटण दाबलं की बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि ती डब्यात पडते, घरी कुणालाच नेता येत नाही. म्हणजे पैसे देणाऱ्याला कळायचा रस्ताच नाही की समोरच्यानं कुणाला दिलं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदान गुप्त ठेवायचं कलम आहे ते ह्याच्यासाठीच, की गरीब माणसाला सावकाराला, पाटलाला, मुकादमाला घाबरायची गरज पडू नये. त्या आडोशाच्या मागं कुणीच नसतं, फक्त एक जण असतो, ज्याला सगळं दिसतं असं माझी माय मानते. तर ह्या लोकांनी त्यालाच कामाला लावलंय. बूथ एजंट दाराजवळ बसतो, त्याला आतलं दिसत नाही, म्हणून नागनाथाला आत बसवलंय.

ह्याच्यात फसतो कोण हे पण बघा. ज्याला देवाचं काही वाटत नाही तो बिनधास्त हात लावतो, तिन्ही पार्ट्यांच्या ताटाला लावतो, तिन्ही पाकिटं घेतो आणि पाहिजे त्याला मत देतो, किंवा देतच नाही. अडकतं कोण, तर ज्याची श्रद्धा खरी आहे तेच. म्हातारी माणसं, बायका, माळकरी, नवस बोललेली सून, ऊसतोडीला जाणारा जो मुकादमाची उचल पण इमानानं फेडतो. म्हणजे गावात जी माणसं सगळ्यात इमानदार आहेत त्यांचंच मत सगळ्यात आधी बांधलं जातं, त्यांच्या इमानदारीच्याच दोरीनं. मला ह्याचा जेवढा संताप येतो तेवढा पाचशे रुपयांच्या नोटेचा येत नाही.

आणि हे एकाच धर्माचं पण नाही. आमच्या गल्लीत एक चाचा आहेत, आमच्या घरच्या बैलांना नाल त्यांच्याच वडलांनी मारले, ते म्हणले तुमच्याकडं ताट येतं, आमच्याकडं कुराणावर हात ठेवायला सांगतात. भीमनगरातला मित्र म्हणला आमच्याकडं बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं करतात. बाबासाहेबांच्या फोटोपुढं! ज्या माणसाच्या लेखणीतून सगळ्यांना एक माणूस एक मत मिळालं त्याच्याच फोटोपुढं उभं करून मत बांधून घेतात, ह्याच्यावर काय बोलावं.

आता कायद्याचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच आश्चर्य वाटलं होतं. १९५१ च्या त्याच कायद्यात कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरण कशाला म्हणायचं ते दिलंय. पहिलं लाच. दुसरं गैरवाजवी दबाव, आणि त्या दबावाच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की तुझ्यावर किंवा तुझ्या जवळच्या माणसावर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हा पण दबावच. म्हणजे माझ्या मायला त्या रात्री जी भीती वाटली, लेकराबाळांवर येईल, ती भीती कायद्यात जशीच्या तशी लिहिलेली आहे. आणि हे त्याच्याही आधीचं आहे, १९२० साली इंग्रजांच्या काळात दंडसंहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण घातलं तेव्हापासून आहे, आता नवीन भारतीय न्याय संहिता आली २०२४ च्या १ जुलैपासून, तिच्यात पण तसंच ठेवलंय. १९२० ला आपल्याकडं निजाम होता, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मत म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण सुटलो, आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या आज्या-आजोबांनी पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा आपण हैदराबाद राज्यातच होतो. म्हणजे ज्या मतासाठी इथल्या लोकांनी रझाकारांच्या गोळ्या खाल्ल्या, ते मत आता स्टीलच्या ताटात जमा करून घेतात.

धर्माच्या नावानं मत मागायचं नाही हे त्याच १२३ मध्ये पुढं आहे. २०१७ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या बेंचनं चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की फक्त उमेदवाराचाच धर्म, जात, भाषा नाही तर मतदाराच्या धर्माच्या, जातीच्या नावानं मत मागितलं तरी ते भ्रष्ट आचरणच. आपल्या महाराष्ट्रात १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मत मागितलं म्हणून आमदाराची निवड रद्द झाली, सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये ती कायम केली, आणि त्याच प्रकरणात पुढं बाळासाहेब ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. म्हणजे कायद्याला दात आहेत. पण ते दात आपल्या गावापर्यंत पोचत नाहीत. आमदार-खासदाराची निवडणूक रद्द करायची तर निकालापासून ४५ दिवसांच्या आत हायकोर्टात याचिका टाकायची, म्हणजे आपल्याला औरंगाबाद खंडपीठात जायचं, आणि सिद्ध करायचं की ताट उमेदवाराच्या किंवा त्याच्या एजंटच्या संमतीनंच निघालं होतं. कोण सांगणार? माझी माय साक्ष देणार सख्ख्या पुतण्याच्या विरोधात? तक्रार करायला निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे, फोटो टाकला की शंभर मिनिटात कारवाई म्हणतात, पण घरातल्याच माणसाचा फोटो कोण टाकतं. पैसे घेणारा पण गुन्हेगारच ठरतो हे माहीत असल्यामुळं पण लोक गप्प बसतात. म्हणून मी म्हणतो हे कोर्टात सुटणारं काम नाही, हे पारावर सुटणारं काम आहे.

मला बरेच लोक म्हणतात, विशेषतः पुण्यात राहणारे मित्र, की धर्म घरात ठेवा, राजकारण बाहेर ठेवा, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही. मला हे पटत नाही. त्यांना कदाचित जमत असेल, आपल्याला नाही जमत. आपल्याकडं दिवस कसा चालतो बघा. २०२४ चा एप्रिल आठवा. ९ ला गुढीपाडवा, ११ ला ईद, १४ ला बाबासाहेबांची जयंती, १७ ला रामनवमी, २३ ला हनुमान जयंती, आणि २६ ला आमच्या हिंगोली-परभणी-नांदेडचं लोकसभेचं मतदान. त्यात पारा चाळीसच्या वर, पाण्याचे टँकर, लग्नाच्या तिथी, आणि गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह. एकाच पारावर सकाळी काकडा, दुपारी मतदार याद्यांच्या चिठ्ठ्या, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री उमेदवाराची कॉर्नर सभा. कुठं रेघ मारणार तुम्ही? आणि मी तर म्हणतो श्रद्धा बूथपर्यंत सोबत यावी. मायचा विठ्ठल तिच्या सोबत आत गेला तर मला आनंदच आहे, कारण तो तिला म्हणणार खोटं बोलणाऱ्याला देऊ नको, गरिबाला लुबाडणाऱ्याला देऊ नको. पण तो तिचा तिच्या मनातला पाहिजे, दुसऱ्यानं ताटात घालून आणलेला नाही. मला फरक एवढाच करायचाय.

त्या एप्रिलमध्ये सप्ताहात काय काय बघितलं ते सांगतो. काल्याच्या दिवशी कीर्तन चालू असताना उमेदवाराची गाडी आली, सगळे उठले, महाराज गादीवर उभे आणि लोक हार घ्यायला पळाले. अभंग अर्धा राहिला. बॅनरवर मारुतीरायाचा फोटो कोपऱ्यात आणि पुढाऱ्याचा मध्यभागी. पंगतीसाठी गहू कुणी दिला, बुंदी कुणाकडून, हे माईकवरून चार वेळा सांगितलं गेलं. आमदार फंडातून सभामंडप मिळाला की त्याच्यावर देवापेक्षा मोठ्या अक्षरात नाव. मी कुठल्या एका पार्टीचं बोलत नाही, सगळ्यांनी केलं. आचारसंहितेत साफ लिहिलंय की देवळं, मशिदी, चर्च प्रचाराची जागा म्हणून वापरायची नाहीत, पण गावात ते कुणाला अडवत नाही कारण आपल्यालाच त्यात काही वावगं वाटत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेजारच्या एका गावात त्या वर्षीच्या जातीजातीच्या ताणात एका मारुतीचे दोन सप्ताह झाले. एक वर आळीत, एक खाली. एकाच देवाच्या दोन पंगती. ज्या मराठवाड्यात नरसीचे नामदेव शिंपी, तेरचे गोरोबा कुंभार, गंगाखेडच्या जनाबाई एका वाटेनं चालल्या, तिथं हे व्हावं ह्याचं मला रात्र रात्र वाईट वाटत राहिलं.

बरं, ह्या सगळ्यात जे बोलायला पाहिजे होतं ते राहूनच गेलं ना. नोव्हेंबर २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि मोंढ्यात नेलं की त्याच्या कितीतरी खाली. सरकारी खरेदी केंद्रावर गेलं की ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून परत, मतदानाच्या पाच दिवस आधी १५ टक्क्यांपर्यंत सूट आली, तोवर निम्म्या गावानं व्यापाऱ्याला घालून टाकलं होतं कारण दिवाळी, पेरणी आणि पोरांची फी थांबत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसात जो पाऊस पडला त्यानं आमची शिवारं वाहून गेली होती. उमेदवाराला विचारायचं ते हे. पण ज्यानं बेलभंडार उचललाय तो विचारत नाही. कारण त्याचं ठरलंय. आणि ज्यानं उचलायला लावलाय त्याला उत्तर द्यायची गरज राहत नाही, त्याला ओलाव्याचं मशीन, रात्रीची लाईट, काही काही बोलावं लागत नाही. शपथेनं मत तर जातंच, पण त्याच्यासोबत प्रश्न विचारायचा हक्क पण जातो.

आता लोक जे म्हणतात ते. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते म्हणजे खाल्ल्या मिठाला जागावं. ह्या म्हणीचा मला आदर आहे, माझा बाप ह्याच म्हणीवर जगला. पण मीठ कशाला म्हणायचं? अडचणीत कुणी दोन पोती ज्वारी दिली, पोरीच्या लग्नाला उभा राहिला, दवाखान्यात रात्रभर बसला, ते मीठ. मतदानाच्या दोन दिवस आधी अनोळखी माणूस यादीत टिक मारून पाकीट ठेवून जातो ते मीठ नाही, तो सौदा आहे. आणि सौदा पण बेकायदा मालाचा. १८७२ चा करार कायदा म्हणतो की बेकायदा कामासाठी केलेला करार मुळातच रद्द, तो मोडला असं पण म्हणता येत नाही कारण तो झालाच नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार असोत, २०२३ पासूनचं एसटीचं अर्धं तिकीट असो, ते पण कुणाच्या घरचं मीठ नाही. आपण काडीपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळ्यावर टॅक्स भरतो, त्यातलंच येतं. योजना आवडली म्हणून मत द्या, जरूर द्या, तो तुमचा विचार झाला. पण मीठ खाल्लं म्हणून देणं लागतो असं नका समजू.

दुसरं म्हणतात, शब्द तो शब्द, देवापुढं दिला की संपलं. मग मला सांगा, आमदार-खासदार पण शपथ घेतातच की. संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टात तिचा मजकूर आहे, ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की संविधानाबद्दल खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगेन. आणि मत मागताना एका चिन्हावर मागतात, एका विचारावर मागतात, तेव्हा पण हात जोडून देवाचं नाव घेतात. २०२२ ला आणि २०२३ ला आपल्या राज्यात काय काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, कोण बरोबर कोण चूक ह्यात मी जात नाही, दोन्ही बाजूचे लोक आमच्या गावात आहेत. पण तेव्हा कुणी ताट घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेलं होतं का? शब्दाचं ओझं फक्त ओसरीवर बसलेल्या म्हातारीनंच का वाहायचं?

असंही म्हणतात की पैसा देवळालाच जातो ना, चांगल्याच कामाला. जानेवारी २०२१ ला नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची बातमी आठवत असेल, सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली दोन कोटींच्या वर गेली, गावच्या मंदिराच्या कामासाठी म्हणून. राज्य निवडणूक आयोगानं ती निवडणूकच रद्द केली, नंदुरबारच्या खोंडामळीची पण केली. मला आयोगाचं तेव्हा फार बरं वाटलं होतं. कारण त्या पैशानं बांधलेल्या देवळात त्याच गावातला, बोली लावायची ऐपत नसलेला माणूस कोणत्या तोंडानं जाईल, आणि देव त्याला काय सांगेल, की तुझा हक्क विकून माझा कळस झाला म्हणून?

पण खरं सांगतो, कायद्याची कलमं मी मायला त्या रात्री सांगून बघितली आणि तिच्यावर काही परिणाम झाला नाही. ती म्हणली कायदा तुमचा, बेल नागनाथाचा. मग मी तिला तिचीच गोष्ट सांगितली, जी तिनंच मला लहानपणी सांगितलेली. औंढ्याला नामदेव महाराज देवळापुढं कीर्तन करायले होते, तिथल्या लोकांनी हाकललं, मागं जाऊन कर म्हणले. नामदेव मागं गेले आणि कीर्तन धरलं, तर देऊळच फिरलं. आजपण नंदी मागच्या बाजूलाच आहे, औंढ्याला जाणारा प्रत्येक जण बघतो. म्हणलं माय, त्या वेळी देवळाचा ताबा कुणाकडं होता? हाकलणाऱ्याकडं. पूजा कोण करत होतं? तेच. बेल कुणाच्या हातात होता? त्यांच्याच. आणि नागनाथ कुणाकडं वळला? मग आता ताट ज्याच्या हातात आहे त्याच्याच बाजूनं नागनाथ आहे असं तुला कुणी सांगितलं?

ती काही बोलली नाही. बराच वेळ बसून होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आमच्याकडं सप्ताहाला येणाऱ्या महाराजांना फोन लावायला सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणले, आई, दमदाटीनं किंवा पैशानं घ्यायला लावलेली शपथ देवापर्यंत पोचत नाही, पाप झालं असेल तर ते घ्यायला लावणाऱ्याला. तुमच्या मनाला पटेल ते करा आणि नाव घ्या. एवढंच. मला तीस मिनिटात जे जमलं नाही ते त्यांच्या दोन वाक्यांनी झालं. आणि म्हणूनच माझी कीर्तनकारांना हात जोडून विनंती आहे. तुमचं ऐकतात लोक. माझ्यासारख्याचं, वकिलाचं, तहसीलदाराचं नाही ऐकत तेवढं तुमचं ऐकतात. निवडणुकीच्या आधीच्या प्रत्येक कीर्तनात पाच मिनिटं फक्त एवढं सांगा की मतासाठी उचललेला बेलभंडार लागत नाही. कुणाला मत द्या ते सांगू नका, कुणाचं नाव घेऊ नका, एवढं एकच सांगा. ह्यानं ताटाची ताकदच जाते, कारण त्या ताटात भीतीशिवाय दुसरं काहीच नसतं. आणि मौलाना साहेबांनी, विहारात बोलणाऱ्यांनी पण आपापल्या ठिकाणी सांगावं.

बुधवारी, २० तारखेला, माय सकाळी सातलाच लायनीत जाऊन उभी राहिली. मत देऊन आली, चहा घेतला, शेळीला चारा टाकला. पुढच्या सोमवारी औंढ्याला जाऊन आली. कुणाला दिलं ते विषयच नाही.

पाकीट मी चुलतभावाला परत करायला गेलो. राग घेऊनच गेलो होतो. तो बी.ए. झालाय, पोलीस भरतीची दोन वेळा तयारी केली, आता सीझनला हार्वेस्टरवर जातो. तो पाकीट घेईना, आणि मग एकदम म्हणला, "दादा, मला काय हौस आली व्हती का? ताट हातात द्यायच्या आधी माझाच हात पहिला लावून घेतला त्यांनी." हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ज्या पोरांना आपण दलाल म्हणून शिव्या देतो त्यांना पण आधी बांधून घेतलेलं असतं, दिवसाला पाचशे आणि एक जेवण ह्याच्यावर, आणि त्यांचं मत तर पहिल्या दिवशीच गेलेलं असतं. त्याची पण माय माझ्या मायसोबतच वारीला जाते. मी त्याच्या ओट्यावर तासभर बसलो. भंडारा कुठून आणला विचारलं तर म्हणला गावातूनच, म्हणजे आमच्याच शिवारातली हळद. जी मी त्या रात्री भिजवत होतो तीच.

चैत्रातल्या सप्ताहाच्या कमिटीची मीटिंग आता लागेल. मी विषय मांडणार आहे. प्रचार थांबल्यापासून मतदान संपेपर्यंत देवळातलं ताट, भंडारा, बेल कुणालाच द्यायचा नाही, पुजाऱ्यानं सरळ सांगायचं कमिटीचा ठराव आहे. सप्ताहाच्या पत्रिकेवर आणि बॅनरवर कुठल्याच पुढाऱ्याचा फोटो नाही, देणगी दिली तरी नाही, पावती मिळेल आणि पंगतीत पाट मिळेल, सगळ्यांसारखाच. आणि काल्याच्या दिवशी महाराजांनी सगळ्या गावासमोर सांगायचं की आजवर मतासाठी ज्यांनी ज्यांनी हात लावलाय त्यांची आण ह्या गावानं सोडवली. पुष्कळ जण उठून जातील, काही जणांचे पुढाऱ्यांशी संबंध आहेत, सभामंडपाचं राहिलेलं काम अडेल असं म्हणतील. अडू दे. मांडवात बसून पण कीर्तन होतं. चुलतभाऊ मीटिंगला येतो म्हणालाय.